पिवळी नळी कोणासाठी

जेवण जरा जड झालंय. पलंगावर दोन रेग्युलेटर पसरलेत आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत मी आडवी झालेय. सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं हे यंत्र. यातला एक घेऊन माझी शलाका उद्या अंदमानला निघतेय, डायव्हिंगच्या नोकरीवर. दुकानदाराने दोन्ही बघायला दिलेत, एक संध्याकाळी परत करायचाय. मला महागडा हवाय. लेक पाण्याखाली जाणार, तिथे काटकसर कसली? पंखा घरघरतो. घरघर बोटीच्या इंजिनाची आहे.

हे बोटीत समोरच्या फळीवर बसलेत. काविळीने गेले तेव्हा यांचे डोळे हळदीचे झाले होते, आता पांढरेशुभ्र आहेत. मला इतकं बरं वाटतं की दुसरं काही सुचतच नाही. मी विचारते, जेवलात?

"खयचो घेतलंस?" हे म्हणतात. जिवंतपणीसुद्धा यांना आधी काम लागायचं.

मी महागडा पुढे करते. आता आम्ही मालवणच्या मासळी बाजारात उभे आहोत आणि रेग्युलेटर सुरमयांच्या शेजारी फळीवर पडलाय. बांगड्याचा कल्ला उघडून बघावा तसं हे त्याचं झाकण उचलून बघतात. म्हणतात, श्वासाला दोन्ही सारखेच, आपल्या उबदार पाण्यात काही फरक पडायचा नाही. पण याचा सुटा भाग अंदमानात मागवायचा तर महिना जाणार. साधा मात्र तिथल्या बोटींवर सगळेच वापरतात.

"ह्यो बिघडलो तर थंय उघडतलो कोण?"

मी चिडते. जन्मभर चिक्कूपणा केलात, म्हणते. माझा पहिला रेग्युलेटरही कुणाचा तरी वापरलेला आणला होतात. त्यावरच यांनी मला किल्ल्यामागच्या खडकांत शिकवलं. मी पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरायची आणि सासूबाई शेजारणींना सांगायच्या, सून कुर्ल्यांक गेली, म्हणजे खेकडे धरायला. काय दिवस होते ते. हे हसतात. त्या हसण्यासाठी मी किती तरसलेय.

हसता हसता बाजारात पाणी चढतं. सुरमया फळीवरून उठून निघून जातात. खाली तेच खडक आहेत. माझा श्वास ओढूनही येत नाही. गळ्यावरून आडवा हात फिरवून मी खूण करते, हवा संपली. हे छातीवरची पिवळी नळी सोडवून माझ्या तोंडात देतात. प्रत्येक रेग्युलेटरला ती जास्तीची असते. हवा येते. पाण्याखाली बोलता येत नाही, पण आम्ही बोलतो.

"मी थंय नसतलंय," मी म्हणते. "तिका कोण देतलो?"

"जो बाजूक आसात, तो. आनि त्याका ती देतली. पिवळी नळी आपल्यासाठी नसता गो."

माझ्या मनातली भीती यांनी अचूक पकडलीय. मी लेकीला वाचवणारं यंत्र शोधत बसलेय आणि तसलं यंत्र कुठे मिळतच नाही. रडू येतं. नळी सुटू नये म्हणून मी तिच्या टोकाचं रबर दातांत घट्ट धरते. बुडबुडे वर निघालेत, सगळे माझेच. यांच्याकडून एकही नाही.

"वर जा. बुडबुड्यांच्या फुडे जाव नको."

आयुष्यात पहिल्यांदा मी यांचं निमूट ऐकते. सावकाश वर येते, खाली बघत.

"आई, ह्या काय केलंस?"

शलाका खोका घेऊन उभी आहे. साध्या रेग्युलेटरची पिवळी नळी माझ्या मुठीत आहे. कोरं रबर ओलं झालंय आणि त्यावर माझे दात खोलवर उमटलेत.

"दुकानदार आता ह्यो परत घेवचो नाय," ती म्हणते.

"नाय तर नाय. ह्योच घे."

बाजारात दुसरं रबर मिळतं, बदलून घे, असंही मी ओशाळून सुचवते. ती रबर पदराला पुसते, माझ्याच पदराला, आणि नळीतून दोनदा श्वास घेऊन बघते.

"हवा येता. ऱ्हवांदे," ती म्हणते. "ज्याका देईन, त्याका तुझे दात गावतले."