काझिम्येश म्हणणारे आजोबा

शॉमबर्गला आमच्या शेजारी एक पोलिश आजोबा राहतात. त्यांनी कुत्र्याला पोलंडच्या एका जुन्या राजाचं नाव दिलंय, काझिम्येश. इंग्रजीत त्याच राजाला कॅसिमिर म्हणतात. पण तसं कुणी म्हटलं, की आजोबा लगेच थांबवतात, "नो, नो. काझिम्येश!"

परवा कुत्रा पळाला. सगळे शेजारी "कॅसिमिर, कॅसिमिर" ओरडत फिरत होते. घाबरलेल्या आजोबांच्या तोंडून शब्द फुटेना. नागपूरहून आलेली माझी आई रोज सकाळी त्यांची हाक ऐकायची. तिने दारातूनच खणखणीत आवाज दिला, "काशीमेऽश!" कुत्रा झुडपातून धावत आला.

आजोबांनी टोपी काढली, वाकून आईच्या हाताचं चुंबन घेतलं.

"अगं बाई!" आई लाजून हसली. मग मला म्हणाली, "बघत काय बसलीस? चहा ठेव त्यांना."