काळ्या फोटोंची निवड

"आगो म्याडम, त्यान काय बी नव्हता! नुसता काला. आडवा बगितला, उबा बगितला, चष्मा पुसून बगितला. एक ठिपका नाय. मंग ठेवू कनाला?"

रुतिका म्याडमनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मावशी, असे किती टाकलेत?"

"सगले!" गोजराबाई म्हणाली. शाबासकी मिळणार, याची तिला अजून खात्री होती. "एक बी ठेवला नाय."

गोजराबाई दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. बेलापुरातल्या या प्रयोगशाळेत कैक वर्षं तिनं काचेच्या बाटल्या घासल्या. इथलं काम म्हणजे खाडीचं पाणी आणायचं, गाळायचं आणि गाळणीवर राहील ते सूक्ष्मदर्शकाखाली धरून फोटो काढायचे. निळ्या उजेडात प्लास्टिकचे कण काजव्यासारखे चमकतात, ते मोजायचे. फोटो सांभाळणारी पोरगी दिवाळीनंतर लग्न करून पुण्याला गेली आणि म्याडमनं गोजराबाईला संगणकापुढं बसवलं. कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो उतरवायचे, नाव द्यायचं, त्या-त्या फोल्डरात ठेवायचे.

कोळीवाड्यात ही बातमी गोजराबाईनं स्वतःच फिरवली, आणि सर्वांत आधी मोठ्या जावेच्या दारात. जाऊ म्हणजे शांती, बाजारात बसणारी, जिभेला कोयत्याची धार. "आता माजा हात वला होत नाय," गोजराबाई तिला म्हणाली. शांतीनं मांदेलीवरची नजरसुद्धा उचलली नाही. "र्‍हा थोरे दिस. घासनी तुजी वाट बगते."

तेव्हापासून गोजराबाई खुर्चीला अशी चिकटली होती की जेवायचा डबाही तिथंच उघडायची.

आणि काल नंदकिशोर आला. हा कोल्हापूरकडचा, संगणकांची देखभाल करणारा. "मावशी, डिस्क पार तुंबलीया. नको ते फोटो काढून टाका बघू," म्हणाला आणि चहाला गेला.

आता कोळणीला 'नको ते काढ' म्हणून सांगणं म्हणजे काय, हे त्या कोल्हापूरकराला काय ठाऊक! धक्क्यावर म्हावऱ्याचा ढीग पडला की गोजराबाईचे हात परकर नेसायच्या वयापासून चाललेले. कोलंबी इकडं, मांदेली तिकडं, शिंपला आणि मेलेला खेकडा पाण्यात. तशीच ती फोटोंवर बसली. चमचमते ठेवले. फार चमकणारे वेगळे काढले, म्याडमच्या पाहुण्यांना दाखवायला. आणि प्रत्येक ठिकाणच्या पाण्याच्या फोटोंत पहिला एक काळाठिक्कर निघायचा, तो टाकला. 'शिकलेली लोका, क्यामेऱ्याचा टोपन काडाला इसरतान,' असं पुटपुटत टाकला. वर संगणकाचा केराचा डबाही रिकामा केला. माशाची घाण घरात रात्रभर कोण ठेवतं?

"मावशी," म्याडम हळू आवाजात म्हणाली, "तो काळा फोटो शुद्ध पाण्याचा असतो. मुद्दाम काढलेला. तो काळा आहे म्हणून सांगता येतं की गाळणी स्वच्छ होती आणि प्लास्टिक खाडीतलंच आहे. तो नसेल तर कोणीही म्हणेल, ही तुमच्याच कपड्यांच्या धाग्यांची घाण."

गोजराबाईनं चष्मा काढून हातात धरला. "म्हंजे रिकामी पाटी आदी काट्यावं ठेवतान, तसा?"

"अगदी तसंच."

"आनि मी काटाच पान्यान टाकला."

"उद्या अहवाल जायचाय. फोटो नाही मिळाले तर या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसवावं लागेल मला."

गोजराबाईला शांतीचे दात दिसले. बत्तीसच्या बत्तीस.

नंदकिशोर आला, बटणं दाबली, मान हलवली. डिस्क तुंबल्यामुळं दिवाळीनंतर फोटोंची दुसरी प्रत बनणंच बंद पडलेलं. "कार्डावर असते, पन उतरवून झालं की कार्ड पुसायचं असं मीच सांगितलंय ह्यांना. पुसलंच असणार."

गोजराबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागली.

"पुसलं न्हवं मावशी?"

"नाय."

"कवापासनं?"

"कवाच नाय. त्या बटनावं लाल अक्षरान कायतरी येते. माना भ्या वाटला. कार्ड भरला का कपाटातला नवा घेतला."

"आन् भरलेली?"

तिनं खालचा खण उघडला. तिथं सुक्या जवळ्याचा जुना डबा, आणि डब्यात खुळखुळणारी कार्डं.

"आरं देवा!" नंदकिशोर ओरडला. "कार्डं कुठं गडप होत्यात म्हणून स्टोअरवाला माझ्याकडं चोर बघावा तसा बघतोय! सांगितलेलं काम न्हाई केलं म्हणजे काय, आँ?"

"आनि केला तेची शिवी आताच खाल्ली," गोजराबाई म्हणाली. "माना एक काय ता सांगा."

म्याडमनं एक कार्ड हुंगलं, नाक मुरडलं आणि यंत्रात सारलं. पडद्यावर फोटो उमटला. काळाकुट्ट. तिघंही त्या काळोखाकडं पोर जन्मल्यासारखी बघत राहिली.

"काय सुंदर काळा आलाय," म्याडम म्हणाली.

खुर्ची राहिली. मात्र नंदकिशोरनं गोजराबाईच्या संगणकातून पुसायची सोयच काढून घेतली. "यापुढं काही पुसायचं झालं तर मला हाक मारायची."

"तुमी चायवं असता."

"मग चहाच्या टपरीवर हाक मारायची!"

तो तणतणत गेला. म्याडमही अहवालाला लागली. गोजराबाईनं डबा मांडीवर घेतला, कार्डं दिवाळीनंतरची एकामागे एक लावली आणि ती पहिल्या काळ्या फोटोला एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, नाव द्यायला लागली: शुद्ध पाणी.