काही नाही म्हणजे किती

२०२१ साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. डॉक्टर प्रज्ञाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टूल उचलत होत्या. टेबलाच्या पलीकडे डॉक्टर आणि अलीकडे पेशंट, ही सगळ्या इस्पितळांची रीत. या बाई मात्र पेशंट आला की उठायच्या, स्वतःचं स्टूल उचलून टेबलाला वळसा घालायच्या आणि त्याच्या शेजारी येऊन बसायच्या. गोळ्या लिहायला पुन्हा पलीकडे. दिवसातून तीस-चाळीस वेळा हेच. शिपाई हसायचा. बाईंना त्याचं काही नव्हतं.

मनाच्या विभागात मी राजीखुशीने गेलो नव्हतो. माझी बायको सुलोचना जाऊन आठ महिने झाले होते. मी जेवत नाही, दार उघडत नाही म्हणून शेजारच्या गावड्याने कांदिवलीहून रिक्षात घालून नेलं. मी दारातच सांगितलं, "मला वेड लागलेलं नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "बसा. काय होतंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे किती?"

मी साकीनाक्याला कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर लोखंड कातणारा टर्नर होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण मापात माझा हात कोणी धरला नाही. आमच्या कामात 'थोडं' हे माप नसतं. ही पोरगी मापाची भाषा बोलते, हे मला आवडलं. तरी खरं सांगितलं नाही. लेकीच्या वयाच्या मुलीपुढे रडगाणं गाणारा मी नव्हे. झोप? झकास. भूक? दोन वेळा. करमतं? न करमायला काय झालं?

त्यांची दुसरी सवय अशी, की माणूस बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायच्या आणि मग वाचून दाखवायच्या. "'न करमायला काय झालं?' असंच म्हणालात ना, परबकाका?"

"असंच."

"ठीक. तुमचं वाक्य तुमचंच राहील." आणि हसल्या. माझं खोटं त्यांना तेव्हाच कळलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

जोडीदार गेलेल्या म्हाताऱ्यांचा त्या अभ्यास करत होत्या. प्रत्येकाला सहा-सहा महिन्यांनी तीनदा भेटायचं, तेच प्रश्न विचारायचे, उत्तरं मांडून त्याचं पुस्तक करायचं. त्याला थिसिस म्हणतात. त्या यादीत मीही होतो. पण करोना पुन्हा वाढला आणि बाईंना तिकडच्या वॉर्डात लावलं. यादीतली म्हातारी माणसं पांगली. कोणी गावी गेलं, कोणी लेकीकडे, कोणी वरच गेलं. गणपतीनंतर मी गोळ्या आणायला गेलो, तर बाई अर्ज लिहीत बसलेल्या. त्या दिवशी स्टूल उचललं नाही.

"थिसिसमधून सूट मागतेय, काका. माणसंच उरली नाहीत तर भेटू कोणाला? आणि थिसिस नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत."

"मग बसा पुढल्या खेपेला. घाई कसली?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. वाशीमकडच्या गावात त्यांचे वडील एकटे होते. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. "रोज एक वाजता फोन करते. जेवलात का विचारते. हो म्हणतात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खोटं बोलतात. तुमच्यासारखेच."

ते मला लागलं. घरी आलो आणि ठरवलं, या मुलीला सोडवायचं. गावड्याची सून म्हणाली, "मी लिहून देते, काका." मी म्हटलं, माझे हात झडलेत काय? दोन दिवस बसून रेघांच्या कागदावर मीच लिहिलं आणि विभागाच्या मोठ्या साहेबांच्या हातात नेऊन दिलं. त्यात असं होतं:

'बाईंना मी पहिल्या खेपेला सगळं खोटं सांगितलं. झोप येते म्हणालो, येत नव्हती. आम्ही म्हातारे सगळे असंच सांगतो. तेव्हा या कागदांत काही अर्थ नाही. बाईंना कागदातून सोडा. माणूस चांगला आहे. बळीराम परब, टर्नर.'

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "बरं केलंत, बाबा," म्हणाले. मी छाती काढून घरी आलो.

आठवड्याने बाईंनी बोलावून घेतलं. सूट नामंजूर. वर साहेब म्हणाले होते, पेशंट स्वतः लिहून देतोय की सगळे खोटं सांगतात, मग आधीची उत्तरं तरी कशी धरायची? जे सापडतील त्यांच्याकडे पुन्हा जा, एकदा सगळं नव्याने विचारा. सहा महिने वाढले.

"काका, माझी बाजू घ्यायला गेलात आणि माझीच वाट लावलीत."

"मी खोटं लिहिलं नव्हतं."

"तेच तर! जन्मात एकदा खरं बोललात, तेही साहेबांपुढे." त्या हसल्या. हसता हसता चष्मा काढून पुसत बसल्या, बराच वेळ. एक वाजला होता. त्यांनी वडिलांना फोन लावला आणि सहा महिन्यांचं काहीच न सांगता विचारलं, "जेवलात का?"

माफी मागायची मला सवय नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी इस्पितळाच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो. "कुठे?" बाईंनी विचारलं. "तुम्ही जाल तिथे," म्हणालो. मग दर रविवारी आम्ही यादीतली घरं शोधली. साकीनाक्याच्या गल्ल्या मला पाठ. बाई आत बसायच्या, मी दाराबाहेर चपलांजवळ. बाई आत जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्याला तेवढं बजावायचो, "खरा काय ता सांग रे बाबा. मी खोटा सांगून बसलंय, ह्या पोरीक त्रास झालो."

शेवटी मीच उरलो. बाई माझ्या खोलीवर आल्या. स्टूल नव्हतं, सुलोचनेच्या पाटावर बसल्या.

"घरी बोलायला कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे किती?"

मी भिंतीकडे बघत मोजलं. मापाचा माणूस मी. "दिवसाला चार शब्द. दूधवाल्याला 'अर्धा लिटर'. वॉचमनला 'काय रे'. झाले चार. ही होती तेव्हा भांडायला दिवस पुरायचा नाही. आता संध्याकाळी आवाज येतो की नाही, हे बघायला खाकरतो."

बाईंनी ते सगळं लिहिलं. मग वाचून दाखवलं. माझंच वाक्य त्या आवाजात ऐकलं आणि मी एकाहत्तर वर्षांचा माणूस पोरासारखा रडलो. बाईंनी पाट जरा पुढे सरकवला, एवढंच.

थिसिस पास झाला, परीक्षा झाली. त्यांच्या जिल्ह्यात मनाचा डॉक्टर नव्हता, तिथे त्यांना जागा मिळाली. निघायच्या दिवशी भेटायला आल्या. "उद्या तुमची तारीख आहे. नवे डॉक्टर आहेत. मी नसले तरी जायचं."

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

त्या जिना उतरल्या. वडिलांना आता फोन करायला नको, रोज समोर बसून विचारतील, हे मनात आलं. बरं वाटलं, आणि खोली फार मोठी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणालो, वॉचमनला 'काय रे' म्हणालो आणि इस्पितळात गेलो. नंबर आला. नवे डॉक्टर टेबलाच्या पलीकडे, मान खाली. "काय होतंय, बाबा?"

'काही नाही' जिभेवर आलंच होतं. मी उठलो. माझं स्टूल उचललं, टेबलाला वळसा घालून त्यांच्या शेजारी ठेवलं आणि बसलो.

"लिहा," मी म्हणालो.