साहेबरावचा मस्कती बर्गर

साहेबराव आमच्या गल्लीतला. मूळचा हदगावकडचा, बौद्ध घरातला. उमेदीची सगळी वर्षं त्यानं मस्कतला एका हॉटेलात तव्यापुढं उभं राहून काढली. ते हॉटेल बंद पडलं आणि तो नांदेडला, बायकोकडे, सरजाबाईकडे परत आला. मी मोंढ्यातला हमाल. पाठ गेली तसं काम सोडलं. मला चवीतलं फार कळत नाही. माणूस काम कसं करतो ते कळतं.

तिकडं तो बर्गर करायचा. आपल्याकडं बर्गर म्हणजे पावात बटाट्याची टिक्की. त्याचा बर्गर म्हणजे ताज्या खिम्याची जाड वडी, बाहेरून खरपूस, आत गुलाबी. त्याला मीडियम रेअर म्हणतात. कधी उतरवायची हे तो बोटानं ओळखायचा. अंगठा मधल्या बोटाला टेकवून अंगठ्याखालचं मांस मला दाबायला लावायचा.

"दादा, वडी बोटाला एवढी मऊ लागली की उतरवायची. जरा थांबलं की गेली."

इथं त्याला आचाऱ्याच्या हाताखाली कांदे कापायचं काम मिळालं. कांदे तो नीट, एकसारखे कापायचा. पण त्याच्या मनात एकच होतं. असा बर्गर करणारं हॉटेल आपल्या भागात कुठंतरी असेल, आणि जिथं असेल तिथं आपल्याला तव्यापुढं जागा मिळेल. मला वेळच वेळ होता. मी सोबत फिरलो.

स्टेशनाजवळच्या हॉटेलात वेटरनं विचारलं, "मीडियम म्हणजे तिखट मीडियम का?" देगलूर नाक्याकडं एक मालक हसतच बाहेर आला. "आत लाल ठेवू? काका, गिऱ्हाईक ताट माझ्या डोक्यात घालंल." तिसऱ्यानं मात्र "हाव, करून देतो" म्हणून बसवलं. पाकिटातली गोठलेली वडी तेलात सोडली. साहेबरावनं ती मोडली तर आत बर्फ.

"गुलाबी मागितलं होतं, गारठलेलं न्हाई," तो म्हणाला. अन्न टाकायचं नाही म्हणून त्यानं ते सगळं खाल्लं. त्यानंतर बरेच दिवस त्यानं हॉटेलांचा विषय काढला नाही.

मग लातूरहून प्रेम नावाच्या तरुणाचा फोन आला. औसा रोडला तो बर्गरचं हॉटेल टाकत होता. मस्कतचा कारागीर नांदेडला आहे असं त्याला आचाऱ्याकडून कळलं होतं. "घरीच येऊन तुमच्या हातचा खातो," म्हणाला.

त्या दिवशी साहेबराव उजाडायच्या आत खाटकाकडं गेला. समोर उभं राहून बकऱ्याची रान, म्हणजे मागची मांडी, काढून घेतली, थोडी चरबी घेतली. खिम्याचं यंत्र उकळत्या पाण्यानं धुतलं. मटण बर्फावर ठेवून घरीच त्याचा खिमा काढला. मी बघत होतो. एकही हालचाल फुकट नव्हती. होता तेवढ्या खिम्याच्या त्यानं दोन वड्या केल्या आणि लोखंडी तव्यावर टाकल्या. बोटानं दाबून उतरवल्या आणि रस आत मुरावा म्हणून ताटलीत झाकून ठेवल्या. तेवढ्यात प्रेमला गल्ली सापडेना. साहेबराव त्याला आणायला चौकात गेला.

सरजाबाईनं झाकण उचललं. ताटलीत लाल पाणी उतरलं होतं.

"आगं माय, रगत! भाऊजी, असं वाढायचं का पाव्हण्याला?"

"त्याला विचार," मी म्हणालो.

"इचारायला येळ कुठंय? पाव्हणा यायलाय की दारात!"

आमच्याकडं पाहुण्याच्या ताटात मटण कच्चं निघालं तर सोयरे पिढ्यान् पिढ्या ते काढतात. तिनं दोन्ही वड्या कुकरला लावल्या. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून ते दोघं उशिरा आले. तोवर शिट्ट्या होऊन गेल्या होत्या.

साहेबरावनं वडी पावात ठेवायला उचलली. करडी, ओली. बोटानं दाबून बघितली. खिमा उरला नव्हता आणि पाहुणा हात धुऊन बसला होता. त्यानं वाढलं.

प्रेमनं घास घेतला. "वा काका! लई मऊ. आतपर्यंत शिजलंय. मला हेच पायजे. पुण्यात एकानं आत लालभडक दिला होता, उलटी व्हायची राहिली. एक तारखेला या लातूरला."

सरजाबाई दारात पदर धरून उभी होती. तिचा चेहरा फुलला होता.

"हाव," साहेबराव म्हणाला.

प्रेम गेल्यावर तिनंच सांगितलं. "म्या शिट्ट्या दिल्या म्हणून जमलं. न्हाईतर गेलं असतं तुमचं काम."

"बरं केलंस," तो म्हणाला आणि तवा घासायला बसला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तवा स्वच्छ झाला तरी तो घासत राहिला.

दिवाळीनंतर लातूरला पुतण्याकडं गेलो तेव्हा त्या हॉटेलात जाऊन आलो. साहेबराव काळी टोपी घालून आत उभा होता. वड्या कारखान्यातून खोक्यात येतात, अर्ध्या शिजलेल्या. जाळीत ठेवून तेलात सोडायच्या, घंटी वाजली की काढायच्या. दाबून बघायला काही नाही. दोन घंट्यांच्या मधे त्याचे हात नुसते बाजूला लोंबत होते. मला बघून तो हसला, पण बाहेर आला नाही. ते बरोबरच होतं, कामाची वेळ होती.

एक बाई गल्ल्यावर आली. बाहेरगावची वाटली. "मीडियम रेअर मिळेल का?" तिनं विचारलं.

गल्ल्यावरच्या मुलीला काही कळलं नाही. तिनं मागं बघितलं.

साहेबराव स्वयंपाकघराच्या खिडकीशी आला. "न्हाई ताई. नांदेडला न्हाई, लातूरला न्हाई. म्या लई हिंडलो."

"बरं, मग चिकनचा द्या," बाई म्हणाली.

त्यानं खोक्यातून एक वडी काढली आणि तेलात सोडली.