‘नालायक’ हा शेरा

सुजित शेजवळला ऑस्ट्रेलियन आर्मीने हाकललं, त्यात त्याच्या बापाचाही हात होता. ट्रक उलटवला दारू प्यायलेल्या सार्जंटने, आळ आला सुजितवर. चौकशीत साहेबांनी त्याला फैलावर घेतलं, तेव्हा तो मान खाली घालून गप्प उभा राहिला. बाप शिवराम भारतीय सैन्यातला निवृत्त हवालदार. त्याने पोराला हेच शिकवलं होतं. साहेब तापला की तोंड उघडायचं नाही, तो थंड झाला की आपोआप निस्तरतं. इथे कुणी थंड व्हायला थांबलं नाही. गप्प आहे म्हणजे गुन्हा कबूल, असं धरून त्यांनी ‘सेवेस नालायक’ असा शेरा मारला.

वर गिरावीन या उपनगरातल्या घरी म्हातारा म्हणाला, “नाक कापलंस. काहीतरी केलंच असशील.” तेव्हापासून सुजितने त्याच्याशी बोलणं टाकलं.

आज शेरा बदलून मागायला सुजित सैन्याच्या फेरविचार समितीपुढे बसला होता. शेजारी शिवराम, न बोलावता आलेला, छातीवर मेडल्स लावून.

अध्यक्षबाईंनी कोरडेपणाने विचारलं, “तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. आजच कसं सुचलं?”

सुजितचं डोकं सणकलं. तो बोलणार, तोच बापाने त्याचा गुडघा दाबला. गप्प बस, याची लहानपणापासूनची खूण.

“हात काढा, बाबा!” सुजित सगळ्यांसमोर ओरडला. “माझी नोकरी तुमच्या या शिकवणीनेच खाल्ली.”

शिवरामने मान खाली घातली. एक शब्द बोलला नाही. या देशात त्याला कबुली म्हणतात.