गौसभाईंची दुर्बीण आणि वस्तादांची नजर

गौस शिकलगार यांचं शिवाजी पेठेत कात्र्या-वस्तऱ्यांना धार लावायचं दुकान होतं. पेठेतल्या निम्म्या दाढ्या त्यांच्या धारेवर होत. पण १९७१ साली हा माणूस पोलादाला कंटाळला आणि घरी काचेवर काच घासायला बसला. वर्षभर घासून त्यांनी दुर्बिणीचा आरसा केला. त्यांच्या पत्नी मेहमुदाभाभी म्हणायच्या, "एवढी माझी भांडी घासली असती, तर घरात आरसाच लागला नसता."

चंद्र आणि शनी कुणालाही दिसतात, म्हणून गौसभाईंना त्यांचं कौतुक नव्हतं. त्यांना वेड ग्रहीय तेजोमेघांचं. या तेजोमेघांचा ग्रहांशी काडीचा संबंध नाही. म्हातारा तारा जाता जाता अंगावरचा वायू सोडतो, तो दुर्बिणीत ग्रहासारखा गोल दिसतो, म्हणून हे नाव. गोल तरी केवढा? विडीच्या धुराचा ठिपका. तो दिसला की गौसभाई ईद झाल्यासारखे घरी यायचे.

गल्लीतून आकाश धोतराच्या काठाएवढं दिसे, म्हणून दुर्बीण तालमीच्या गच्चीवर असायची. पण पोरांना तिथं पत्रा टाकून कॅरमची खोली करायची होती. वस्ताद गणपतरावांनी निकाल दिला, "गौस, ह्यातनं काय दिसतंय ते एकदा मला दाव. दिसलं तर ऱ्हाऊ दे, न्हाय तर उद्या पत्रा."

दुसरा कुणी चंद्र दाखवून मोकळा झाला असता. गौसभाईंनी हंस तारकासमूहातला सगळ्यात खट्याळ तेजोमेघ निवडला. थेट बघितलं की तो गुडुप होतो, नुसता मधला तारा उरतो. नजर जरा बाजूला नेली की स्वारी हजर.

"एक तारा हाय," डोळा लावून वस्ताद म्हणाले. "धूर कुठं हाय?"

"वस्ताद, त्याच्याकडं बघू नका. बाजूला बघा."

"आं? जल्मभर पोरास्नी सांगतोय, समोरच्यावरची नजर काढायची न्हाय. आन् तू मलाच शिकवतोस व्हय?"

त्यांनी ताऱ्याकडं असं रोखून बघितलं, की जवळपासचा असता तर आडवाच झाला असता. धूर काही आला नाही.

"पत्रा," असं म्हणून ते जिन्याकडं वळले.

गौसभाई मागोमाग धावले. "वस्ताद, एकच इचारतो. कुस्तीत गड्याच्या डोळ्यात बघता, मग त्याचा पाय सरकल्याला कसा कळतोय?"

"डोळ्याच्या कोपऱ्यातनं. त्यात काय?"

"मग तसंच बघा की. नजर त्या कडंच्या ताऱ्यावर, आन् ध्यान ह्याच्या पायावर."

वस्ताद कुरकुरत परत वाकले. या वेळी नजर कडेच्या ताऱ्यावर ठेवली. मग एकदम डरकाळी फुटली, "आला की! अरं, गेला! गडी हूल देतोय, गौस!"

पत्रा टळला. तेव्हापासून दिवेलागणीनंतर वस्ताद खालच्या आखाड्यातला दिवा बंद करून गच्चीवर हजर होऊ लागले. गौसभाई आपल्याच दुर्बिणीमागं ताटकळत उभे.

"वस्ताद, आता मला जरा..."

"थांब की. अजून चीत न्हाय झाल्याला."