बदलीवाल्या बाई

माझ्या मावशीला लोक नावाने ओळखत नसत. बदलीवाल्या बाई म्हणत. हे नाव तिच्यामागे बिस्किटांच्या कारखान्यातून लागलं. पॅकिंग खात्यात ती बदली कामगार होती. कोणी रजेवर गेलं की हिला बोलावणं यायचं, आणि तो माणूस परत आला की ही घरी. अख्खी नोकरी तिने अशी दुसऱ्याच्या जागेवर उभं राहून काढली आणि शेवटपर्यंत कायम काही झाली नाही. मला त्याचा संताप यायचा. तिला यायचा नाही. रजेवर जाणाऱ्याला निर्धास्त जाता आलं पाहिजे की नको, एवढंच ती म्हणायची.

कारखाना सुटल्यावर माणसं पाय पसरून बसतात. हिने तेच काम फुकट सुरू केलं. आमच्या भागात ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तिथे दुपारी जायची आणि घरच्यांना सांगायची की मी बसते, तुम्ही दोन तास बाहेर जाऊन या. झाली हिची समाजसेवा. संस्था नाही, पावती नाही, फोटो नाही. मात्र बाहेर जा म्हणजे बाहेरच जायचं, हा तिचा नियम होता. एखादी सून म्हणाली की मी आतच जरा कपड्यांच्या घड्या घालते, तर ही तिच्या चपला उचलून तिच्या हातात द्यायची. चहा नको, पाणी नको. कोणी आभार मानायला लागलं तर म्हणायची, यात तुमचाच वेळ जातोय. आणि परत आलेल्या माणसाला तर ती सापडायचीच नाही. कुलपात किल्ली फिरली की ही उठलीच. दारात गाठ पडायची तेवढीच, एक जण आत शिरताना आणि एक जण बाहेर पडताना.

आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. माझं लग्न काही जमलं नाही, तिचं मोडलेलं होतं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो आणि तशाच राहिलो. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. संध्याकाळी घरी आले की मी तिला चिडवायचे, आज कोणाच्या मरणाची राखण करून आलीस? ती हसायची आणि विषय बदलायची. त्या दोन तासांत ती नेमकं काय करायची हे मला माहीत नव्हतं. त्या घरांनाही माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त अंथरुणावरच्या माणसांना, आणि ती माणसं तर एकेक करून जातच राहिली.

मग तिचंच हृदय थकलं. आधी जिने चढणं बंद झालं, मग बाजार, मग स्वयंपाकघर. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, फार काही हातात राहिलेलं नाही. आतल्या खोलीत खिडकीशी तिची खाट लावली. पायांवर सूज, बोलताना धाप, पण डोकं लख्ख. आणि इतक्या वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते ती आता बोलायला लागली.

"मरणाला माणूस तेवढा घाबरत नाही गं," ती म्हणाली. "दार ओढून घेतल्याचा आवाज झाला ना, की घाबरतो. त्याला वाटतं, आपण आत आणि सगळे बाहेर."

म्हणून कोणाच्याही घरी गेली की ती आधी खोलीचं दार सताड उघडायची आणि ते मिटू नये म्हणून त्याला स्टूल लावायची. मग खुर्ची घेऊन पेशंटच्या पायाशी बसायची आणि त्याचा पाय हातात धरायची. हात नाही, पाय. हात धरला की माणसाला वाटतं, आता काहीतरी बोलावं लागणार, धीराचा चेहरा करावा लागणार. पाय धरला की काही करावं लागत नाही. कोणीतरी आहे, इतकंच कळतं. पांघरुणाबाहेर पाय काढून वाट बघत पडलेली माणसं होती म्हणे तिची. हे ऐकून मला रडूही येत होतं आणि तिचा रागही येत होता. इतकं सगळं शिकलीस तर कोणाला शिकवलं का नाहीस? सगळ्यांना दाराबाहेर काय म्हणून घालवत राहिलीस?

"मला एकटीला ठेवू नकोस," ती म्हणाली. "मी जाईन तेव्हा कोणीतरी पायाशी असू दे. बाकी मला काही नको."

माझ्याकडे तिने आजवर मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हटलं. त्यात अवघड काय आहे असं मला वाटलं होतं.

मी कामावर असताना एक बाई पगारावर बसायच्या. त्यांच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि त्या गेल्या. मी रजा काढली, ती संपली, मग बिनपगारी काढली, तीही संपली. दुकानाचे मालक तसे भले, पण त्यांचंही दुकान होतं. निदान दुपारच्या गर्दीला दोन तास या, बाकीचं मी बघतो, असं ते म्हणाले. नाहीतर दुसरी मुलगी ठेवावी लागेल, हे बोलले नाहीत, पण ऐकू आलं. दोन तास. मला हसू आलं. या भागात दोन तासांची सगळ्यात मोठी सावकार माझ्या घरात झोपली होती. कोणाचंही दार वाजवलं तरी माणूस मिळेल, असं मी धरून चालले होते.

आधी एका सेवाभावी संस्थेला फोन केला. त्यांनी एका वर्षी मावशीला व्यासपीठावर बसवून मानपत्र दिलं होतं आणि त्यांचे अध्यक्ष तिच्यावर इतकं बोलले होते की तिला बसल्या जागी डुलकी लागली. फोनवरची मुलगी फार गोड होती. आमचे स्वयंसेवक सध्या प्रशिक्षणात आहेत, म्हणाली. कसलं प्रशिक्षण, तर आजारी माणसाला सोबत कशी करावी याचं. ते संपलं की नक्की कळवते, म्हणाली. मी म्हटलं, आमच्या पेशंटला तोवर थांबायला सांगते.

मग मी घरं पालथी घातली. शेजारणीला जमायचा तेवढा अर्धा तास तिला बसवायचे आणि निघायचे. एका घरी सून मला बघून हरखली. त्या बाई ना, देवमाणूस हो, नाव काय त्यांचं? त्यांना चष्मा होता ना? मावशीला चष्मा नव्हता. मी स्वतः चष्मे विकते, घरात एक फुकट येऊन पडला होता, तरी तिला कधी लागला नाही. सुनेला मावशीचा चेहरा आठवेना. पण तिच्या त्या दुपारी तिला स्वच्छ आठवत होत्या. पार्लरमध्ये जाऊन नुसतं डोकं धुऊन घ्यायची, तेव्हा मानेवर पडणारं कोमट पाणी. सांगताना तिचे डोळे भरून आले. दुपारी येऊन बसाल का म्हटल्यावर मात्र ती अडखळली. तिच्या मुलाच्या परीक्षा होत्या.

दुसऱ्या घरचा मुलगा तेव्हा गाडीत काचा वर करून झोपायचा. ती झोप त्याला अजून आठवत होती. तिसऱ्या घरच्या आजोबांना बागेतला बाक आठवत होता. कोण आत येतंय, कोण बसतंय, हे कोणी पाहिलंच नव्हतं. पाहणार कसं? एक पाय चपलेत, एक बाहेर, अशा अवस्थेत भेटलेली बाई ती. जी माणसं तिला ओळखत होती ती सगळी मेली होती, आणि जी जिवंत होती त्यांनी तिला फक्त दारात ओलांडलं होतं. माणसं वाईट नव्हती हो. कोणाची कंबर, कोणाची नोकरी, कोणाचं नातवंड. एक बाई तेवढी खरं बोलली. म्हणाली, त्या खोलीचा वास अजून माझ्या नाकातून गेला नाही, मी परत तसल्या खोलीत पाय नाही टाकू शकत. तिच्याकडून मी चहा पिऊन निघाले. बाकी कोणाकडे मला घोट गिळवला नसता.

मावशी रोज विचारायची, कोण येतंय? मी सांगायचे की पुष्कळ जण तयार आहेत, कोणाला कधी बोलवायचं तेवढं ठरवतेय. ती समाधानाने मान हलवायची. एकदा म्हणाली, गर्दी करू नकोस गं, एक जण पुरे. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

शेवटी टेलरमास्तर मिळाले. चौकातलं त्यांचं दुकान, एकटा माणूस. त्यांची बायको बरीच वर्षं अंथरुणाला होती आणि मावशी तिच्याजवळ बसायची. मास्तर तेव्हा दुकानात येऊन शटर अर्धं खाली ओढायचे आणि मशीन बंद ठेवून नुसते बसायचे. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. कधी येऊ, म्हणाले. उद्यापासून रोज येतो. मला इतकं हलकं वाटलं की परत येताना मी मावशीसाठी फुलं घेतली.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. दुकान बंद ठेवून, दाढी करून. मावशी झोपली होती. मी खुर्ची तिच्या पायाशी ठेवली होती, दाराला स्टूल लावलं होतं. इथे बसा, दार उघडंच राहू द्या, जाग आली की दोन शब्द बोला, असं मी सांगितलं. पाय धरा, हे काही मला सांगवेना. परक्या पुरुषाला ते कसं सांगायचं? ते खुर्चीच्या टोकावर बसले, हात मांडीवर घेऊन. काळजी करू नका, म्हणाले, तुम्ही निर्धास्त जा. मावशीचा एक पाय पांघरुणाबाहेर होता. मी तो झाकला नाही.

दुकानात मी कोणाला कुठली फ्रेम दिली ते आठवत नाही. पण दुपार बरी गेली. एका म्हातारीला पहिल्यांदा नीट दिसलं आणि ती आरशात बघून खूप हसली. तिच्याबरोबर मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

घरी आले तर खुर्ची बाहेरच्या खोलीत होती. मास्तर तिच्यावर ताठ बसले होते. त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि स्टूल भिंतीशी नीट सरकवून ठेवलेलं. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात सगळा हिशेब दिला, शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलासारखा. त्यांना खोकल्याची उबळ आली होती. झोपमोड नको म्हणून बाहेर येऊन बसले. शिवाय बाईमाणूस झोपलेलं, आपण समोर बसून राहणं बरं दिसत नाही. दारही लोटून घेतलं, आवाज नको म्हणून. जागचे मात्र हलले नाहीत. पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत.

"मध्ये जाग आली होती त्यांना," ते म्हणाले. "दोनदा हाक मारली, कोण आहे म्हणून. मी दोन्ही वेळा इथूनच सांगितलं, आहे मी, तुम्ही पडा निवांत. मग शांत झोपल्या."

मी दार उघडलं. मावशी दाराकडे तोंड करून होती. डोळे उघडे होते. पांघरूण खाली पडलं होतं आणि दोन्ही पाय खाटेच्या कडेबाहेर आले होते, उतरायला निघाल्यासारखे. मी पायाशी जमिनीवर बसले आणि पाय धरले. गार झाले होते.

मास्तर कधी दारात येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चौकट धरली. माझ्याकडे बघेनात, मावशीकडेही बघेनात, त्या स्टुलाकडे बघत राहिले. ओरडावंसं वाटलं मला. तुम्हाला इथे बसायला सांगितलं होतं, दार उघडं ठेवायला सांगितलं होतं, असं सगळं तोंडाशी आलं होतं. त्यांच्या शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती.

"आमच्या हिच्याजवळ," माझ्या हातातल्या पायांकडे बघत ते म्हणाले, "त्या अशाच बसायच्या ना?"

त्यांची बायको अशाच एका दुपारी, मावशी जवळ बसलेली असताना गेली होती, आणि तेव्हा ते दुकानात शटर ओढून बसले होते. मावशीचा पाय मी सोडला नाही.

"हो," मी म्हटलं. "अशाच बसायच्या."